योर्दाकेंच्या नावचा तीळ

डॉक्टर ओक्तावियन ब्रेबेनेल यांची मागणी तशी साधी होती. पाठीवरचा तीळ कुणीतरी तपासावा आणि ही गोष्ट कुणालाही कळू नये. यातला पहिला भाग खरं तर सोपा होता. डॅन्यूबच्या काठावरच्या त्या जिल्ह्याच्या गावात माणसाच्या अंगातून जो काही तुकडा कापून निघे, मग तो कातडीचा असो की पित्ताशयाचा, तो शेवटी एकाच टेबलावर येऊन पडे, आणि त्या टेबलामागे गेली कित्येक वर्षं एकच पॅथॉलॉजिस्ट बसलेला असे. अडचण एवढीच, की तो पॅथॉलॉजिस्ट म्हणजे स्वतः ब्रेबेनेल.

तीळ सापडला तो बायकोला. स्मारांदा त्यांच्या पाठीला मलम चोळत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"ओक्ताव, हा तीळ मागच्या उन्हाळ्यात असा नव्हता."

"तीळ असतातच माणसाला."

"असतात. पण हा एका बाजूनं सांडल्यासारखा झालाय."

ब्रेबेनेलांनी आयुष्यभर लोकांच्या तिळांविषयी 'कडा अनियमित' असं लिहिलं होतं. 'सांडल्यासारखा' हा शब्द त्यांना सुचला नव्हता. तो ऐकल्यावर त्यांना कळलं, की आपला शब्द बरा होता. त्यानं कुणी घाबरत नसे.

सर्जन पॉम्पिलिऊ त्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. त्यानं दुपारच्या सुट्टीत जागा बधिर करून तीळ काढला, औषधाच्या बाटलीत टाकला आणि बाटली ब्रेबेनेलांच्या कोटाच्या खिशात सरकवली. "चिठ्ठी लावत नाही. तसाही तुझ्याकडेच येणार होता."

आता, न्हाव्याला स्वतःची हजामत करता येत नाही, हे जगजाहीर आहे. डॉक्टरांनी स्वतःचा तुकडा स्वतः वाचू नये असा दंडकही आहे. राजधानीला पाठवावा, तर उत्तर यायला तीन आठवडे आणि पाकीट हॉस्पिटलच्या आवकजावक विभागातून जाणार. तिथं पाकिटं बंद असतात, पण ती नुसती म्हणायला. उरला एकच मार्ग, आणि तो ब्रेबेनेलांनी स्वतःच्या तोंडानं बंद करून ठेवला होता.

त्याचं असं झालं. वसंतात हॉस्पिटलात फ्रिजएवढा स्कॅनर आला. काचेवरची स्लाइड आत सरकवली की तिचा कोपरान् कोपरा टिपून तो चित्र पडद्यावर आणी, आणि मग त्याच्या पोटातला एआयचा प्रोग्राम संशयाची जागा लाल रंगानं रंगवून दाखवी. मायक्रोस्कोपला डोळा लावण्याची गरज नाही, मान मोडण्याची गरज नाही, आणि व्यवस्थापक गेरासिम यांच्या मते काही वर्षांनी पॅथॉलॉजिस्टचीही फारशी गरज नाही. त्यावर सगळ्या डॉक्टरांच्या सभेत ब्रेबेनेल उभे राहिले आणि म्हणाले, "यंत्राला डोळा असतो, नजर नसते." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यानंतर त्यांनी ते दोन लग्नांत आणि एका अंत्यविधीत म्हणून दाखवलं. गेरासिमांनी ते वहीत लिहून घेतलं.

अशा माणसानं आता त्याच यंत्रापुढे पाठ उघडी करायची म्हणजे काय, हे ज्याला समजत नाही त्यानं कधी सभेत भाषण केलेलं नाही.

लॅबमधल्या बायका जेवायला गेल्या, तेव्हा ब्रेबेनेलांनी स्वतःच्या हातानं तुकडा कापायला घेतला. हे काम त्यांनी तरुणपणी केलं होतं. हात थोडा थरथरला, पापुद्र्याएवढा कातडीचा काप काचेवर उतरताना एके ठिकाणी किंचित चुरगळला. चालायचंच, असं ते मनात म्हणाले. इतरांनी असं केलं की ते लॅबभर ऐकू जाईल असं काहीतरी म्हणत.

स्कॅनर मात्र नाव मागू लागला. नाव दिलं, तर सरकारी ओळख क्रमांक मागू लागला. मनानं बनवलेला क्रमांक त्याला ओळखू येई, कारण शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांशी जुळावा लागतो. ब्रेबेनेलांनी बायकोच्या दिवंगत मामाचा क्रमांक घातला. पडद्यावर आलं, 'ही व्यक्ती हयात नाही. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' तेव्हा त्यांनी जुन्या रुग्णांची यादी उघडली आणि जिला हा आळ सहज पेलेल अशी धडधाकट प्रकृती शोधू लागले. त्यांची नजर शेजारच्या योर्दाकेंवर थांबली.

योर्दाके बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झाले होते. सत्तरी ओलांडली तरी नदीत पोहत, इमारतीखालच्या बाकावर फासे खेळत, आणि एकेकाळी काढलेल्या पित्ताशयातला खडा काडेपेटीत घालून पाहुण्यांना दाखवत. त्या पित्ताशयापायीच त्यांचा क्रमांक ब्रेबेनेलांच्या संगणकात होता. हिशेब सोपा होता. यंत्र दोन मिनिटांत सांगेल, आपण पाहू, मग सगळं पुसून टाकू. योर्दाकेंना काय कळणार, आणि त्यांचं काय जाणार.

यंत्रानं दोन मिनिटंही घेतली नाहीत. पडद्यावर कातडीची गुलाबी पट्टी उमटली आणि तिच्या मधोमध लालभडक डाग पेटला. खाली अक्षरं आली, 'संशय: तीव्र.'

ब्रेबेनेल खुर्चीत मागे टेकले. हे शब्द त्यांनी दुसऱ्यांना किती वेळा कळवले होते याचा हिशेब नव्हता. ते वाचून माणूस काय करतो, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांना आता कळलं. माणूस उठतो, दार बंद आहे ना ते बघतो, आणि परत येऊन तेच पुन्हा वाचतो.

मग त्यांनी 'पुसा' हे बटण दाबलं. पडदा म्हणाला, 'खोडण्याचा अधिकार फक्त समितीला आहे. तीव्र संशय असल्यानं दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी पाठवण्यात आलं आहे. रुग्णाला संदेश पाठवण्यात आला आहे. धन्यवाद.'

त्यांनी मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ व्हायोलिन वाजलं, मग एक बाई बोलू लागल्या.

"आपण रुग्ण का?"

"नाही, मी डॉक्टर आहे. एक नोंद रद्द करायचीय."

"मग रुग्णाला फोनवर द्या."

"तसा रुग्ण नाहीच आहे हो."

"वारले का? मग वारसाला अर्ज करावा लागेल."

"वारले नाहीत. तुकडा त्यांचा नाही."

"मग कोणाचा आहे?"

ब्रेबेनेलांनी फोन ठेवला.

संध्याकाळी घरी पोचले तर इमारतीखालच्या बाकाभोवती घोळका. मध्यभागी योर्दाके मोबाइल हातभर लांब धरून बसलेले. शेजारी झाम्फिराबाई उभ्या. या बाई इमारतीच्या प्रशासक. पाण्याचं बिल त्या वसूल करत, जिन्यातले दिवे त्या बदलत, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय हे झाकण उघडण्याआधी त्यांना ठाऊक असे. त्यांनी तो संदेश तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला. "आपला अहवाल तयार आहे. विनाविलंब डॉक्टरांना भेटा. विनाविलंब, ऐकलंत?"

"पण मी काही तपासायलाच दिलेलं नाही," योर्दाके म्हणाले.

"पित्ताशय दिलं होतंत."

"त्याला किती वर्षं झाली."

"सरकारी काम आहे, इतकी लागणारच. आता निकाल लागला." झाम्फिराबाईंना ब्रेबेनेल दिसले. "हे बघा, डॉक्टरच आले. यांच्याच खात्यातून आलाय. सांगा यांना, डॉक्टर."

सगळ्यांनी वाट करून दिली. ब्रेबेनेलांच्या कोटाखाली टाके ओढले जात होते. "यंत्राची चूक असेल," ते म्हणाले. "काळजी करू नका. यंत्रं चुकतात."

"बघा," झाम्फिराबाई इतरांना म्हणाल्या, "यांचं त्या यंत्राशी वाकडं आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणूनच मी म्हणते, यंत्र खरं बोलतंय."

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी पिवळ्या चिकाचा पाला उकळून प्यायला सांगितला. कुणी हंसाची चरबी पोटाला चोळा म्हणालं. बिटाचा रस, मठातलं तेल, रोज सकाळी एक पेलाभर मनुकांची दारू, तीही उपाशीपोटी. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "काहीएक करू नका. माझ्या भावजयीनं सगळं केलं आणि गेली." योर्दाके सगळ्यांचं ऐकून घेत होते. मध्येच त्यांनी ब्रेबेनेलांकडे वर पाहिलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही शेजारी म्हणून सांगा. दुखेल का हो?"

ब्रेबेनेल म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात खात्रीचं निदान होतं. कुणीही त्यावर विश्वास ठेवला नाही.

पुढचे दिवस भराभर वाईट होत गेले. योर्दाके त्यांच्या बहिणीशी कधीपासून बोलत नव्हते. ते तिच्या गावी जाऊन गळ्यात पडून रडून आले. मासेमारीची नाव त्यांनी मेव्हण्याला देऊन टाकली. फाशांचा पट मास्तरांना दिला, पोहणं बंद केलं, आणि पाला पिऊन त्यांचा चेहरा खरोखरच पिवळा पडला. झाम्फिराबाईंनी जिन्यात डबा ठेवला, त्यात लोक चर्चमधल्या मेणबत्तीसाठी नाणी टाकू लागले. ब्रेबेनेलांनीही टाकली. न टाकून कसं चाललं असतं.

आणि हॉस्पिटलात वेगळंच. दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी आलेली एक केस त्यांच्या पडद्यावर उघडली. नाव वाचायच्या आधीच त्यांनी तो लाल डाग ओळखला. गेरासिमांनी वसंतातच त्यांना न विचारता त्यांचं नाव तज्ज्ञांच्या यादीत घातलं होतं, आणि डॅन्यूबकाठच्या सगळ्या भागात कातडीचा जाणकार म्हणून त्या यादीत ते एकटेच होते. त्यांनी केस नाकारली. ती फिरून पुन्हा त्यांच्याकडेच आली. पुन्हा नाकारल्यावर यंत्रानं विचारलं, 'नाकारण्याचं कारण?' खाली पर्याय होते: रजेवर, आजारी, ज्ञान अपुरं. 'आजारी' दाबलं तर गेरासिम चौकशीला येणार. शेवटी त्यांनी 'ज्ञान अपुरं' दाबलं, आणि केस डोंगरापलीकडे क्लुज शहरातल्या तज्ज्ञाकडे गेली.

त्या दुपारी त्यांना स्वतःचाच राग आला. उभा जन्म लोकांचं नशीब वाचण्यात गेला आणि आपल्या वेळी आपण अपुरे. त्यांनी काच उचलली, पडदा बंद केला आणि जुन्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. लाल डागाची जागा त्यांना पाठ होती. ते थेट तिथं गेले. तिथं काळपट, दाट असं काहीतरी होतं. त्यांनी भिंग फिरवलं. अजून फिरवलं. आणि त्यांना हसू फुटलं.

घडी होती. काप काचेवर उतरताना जिथं चुरगळला होता, तिथं दोन थर एकावर एक आले होते. दुमडलेला रुमाल गडद दिसावा तशी ती कातडी गडद दिसत होती, आणि यंत्राला त्यात कर्करोग दिसला होता. नजर नसते म्हणतात ती हीच. ब्रेबेनेलांनी काच पेटीत ठेवली आणि शिट्टी वाजवत कोट घातला.

तडक योर्दाकेंच्या दारावर थाप मारली. योर्दाके टेबलाशी बसून कपाटाच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधत होते. ब्रेबेनेलांनी एका दमात सगळं सांगितलं. तीळ, बाटली, मामाचा क्रमांक, पित्ताशयाची जुनी नोंद, सगळं.

योर्दाकेंनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. "म्हणजे मी मरत नाहीये."

"मुळीच नाही."

"मी बहिणीपुढे रडलो, डॉक्टर. तिनं माझ्याकडून आईच्या घराचा वाटा सोडवून घेतला. नाव गेली ती गेलीच, मेव्हण्यानं तिला रंगही दिला. निळा." ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. "आणि तो पाला. तुम्ही प्यालात कधी तो पाला?"

"माफ करा. मी घाबरलो होतो."

"तुम्ही घाबरता?" योर्दाकेंना याचंच जास्त आश्चर्य वाटलेलं दिसलं. ते पुन्हा बसले. "मग तुमचं काय निघालं?"

"काही नाही. घडी आहे नुसती. यंत्र फसलं."

योर्दाकेंनी शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कपाटातून मनुकांच्या दारूची बाटली काढली आणि दोन पेले भरले. "तुमच्याशी मी महिनाभर बोलणार नाही," ते म्हणाले. "उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लुजहून फोन आला. आवाज तरुण होता, नाव डॉक्टर इलिंका. "योर्दाके नावाचे रुग्ण तुमच्याकडचे ना? कातडीची केस?"

"हो, हो. ती घडी आहे, मी पाहिलंय," ब्रेबेनेल प्रसन्नपणे म्हणाले. "तुमच्या यंत्राचा गोंधळ."

"घडी तर आहेच. कुणीतरी नवशिक्यानं काप केलाय, एवढी चुरगळ मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. लाल भागात काहीच नाही, सर. तो मी सोडूनच दिला. पण डाव्या कडेला बघितलंत ना? जिथं प्रोग्रामनं काहीच रंगवलेलं नाही."

ब्रेबेनेलांचा हात काचेच्या पेटीकडे गेला.

"सर? तुम्ही पडद्यावर बघताय का? अगदी टोकाला, केसाच्या मुळाशेजारी."

"थांबा. मी काच घेतो."

त्यांनी काच लावली. विद्यार्थी असल्यापासून त्यांची एक सवय होती. स्लाइड हाती आली की वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, आणि शेतकरी नांगरतो तशी ओळीनं सगळी पालथी घालायची, मगच तोंड उघडायचं. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे ओरडून शिकवलं होतं. या एका स्लाइडवर ते लाल डागापाशी गेले, यंत्र चुकलं हे बघितलं, आणि उठले. यंत्र चुकलं म्हणजे आपण वाचलो, असं ते धरून चालले. आता त्यांनी भिंग डावीकडे सरकवलं.

तिथं होतं. शोधावंही लागलं नाही. पेशींचे काळपट पुंजके कातडीच्या वरच्या थरात चढत गेलेले, बेशिस्त, एका बाजूनं सांडलेले. दुसऱ्या कुणाचे असते तर त्यांना कॉफीचा घोट गिळायच्या आत ओळखू आले असते.

"दिसलं," ते म्हणाले.

"पातळच आहे. फार खोल गेलेलं नाही. आजूबाजूची आणखी कातडी काढली की बहुतेक पुरेल. बहुतेक म्हणतेय. तुम्हाला ठाऊकच आहे, सर. रुग्णाला कसं सांगायचं ते तुम्ही बघालच."

"हो," ब्रेबेनेल म्हणाले. "मी त्यांना ओळखतो."

घरी स्मारांदा भरल्या मिरच्यांसाठी भात कालवत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिनं हात धुतले नाहीत, तशीच खुर्चीवर बसली, भाताचे हात मांडीवर पालथे ठेवून.

"त्या योर्दाकेंचं नाव घातलंस," ती शेवटी म्हणाली. "माझं घालता आलं नाही?"

"तुला काळजी नको म्हणून."

"तुझ्या पाठीवर इतकी वर्षं नजर कोण ठेवतंय, ओक्ताव? तू की यंत्र?" तिनं नाक ओढलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं. तू 'काही नाही' म्हणालास म्हणून मी गप्प बसले. तू डॉक्टर ना." मग ती उठली आणि मिरच्या भरू लागली. त्या दिवशी तिनं इतक्या भरल्या, की योर्दाकेंकडे आणि झाम्फिराबाईंकडेही पाठवाव्या लागल्या, आणि त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं.

समितीपुढचा प्रसंग सांगण्यासारखा नाही, पण तो झाला. गेरासिम मध्यभागी बसले होते. त्यांनी वही उघडली नाही, हे त्यांचे उपकार. दुसऱ्याच्या नावावर नोंद केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. नोंद दुरुस्त करायचं समितीनं एकमतानं ठरवलं, पण त्या दुरुस्तीला मंत्रालयाची मंजुरी लागणार होती आणि तिथला माणूस ऑगस्टभर समुद्रावर गेला होता.

"तोवर शस्त्रक्रियेचं काय?" ब्रेबेनेलांनी विचारलं.

"तारीख तर मिळालीय," गेरासिम म्हणाले. "पुढच्या आठवड्यातली. फक्त ती योर्दाकेंच्या नावावर आहे. पुढं ढकलायची का?"

"नको." हा शब्द ब्रेबेनेलांनी फार हळू उच्चारला. सभेतला त्यांचा आवाज तो नव्हता. गेरासिमांनीही मान खाली घातली.

मग वकिलाचा सल्ला घेतला गेला, आणि असा तोडगा निघाला, की खरा रुग्ण आणि कागदावरचा रुग्ण अशा दोघांनीही त्या दिवशी जातीनं हजर राहायचं आणि सर्जनसमोर सही करायची. हे योर्दाकेंना सांगायला ब्रेबेनेल गेले, तेव्हा योर्दाके दारातच उभे राहिले. महिना संपायचा होता.

"मी बोलत नाहीये तुमच्याशी," योर्दाके म्हणाले. "किती वाजता यायचं?"

त्या सकाळी दोघे शस्त्रक्रियेच्या विभागाबाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. ब्रेबेनेलांच्या अंगात मागून नाड्यांनी बांधायचा हॉस्पिटलचा झगा होता, आणि त्या नाड्या त्यांना बांधता आल्या नव्हत्या. समोरून त्यांच्या ओळखीच्या नर्सा जात होत्या आणि न पाहिल्यासारखं करत होत्या. स्मारांदा खाली कागदांवर शिक्के मारून घेत होती. योर्दाकेंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू शस्त्रक्रिया त्यांचीच.

"तुमचे हात थरथरतायत," योर्दाके म्हणाले.

"हो."

"मी तेव्हा बहिणीकडे जाताना असाच थरथरत होतो. मग वाटलं, एवढं सगळं केलं तर निदान मरायला तरी हवं. तुम्ही मात्र मरू नका. नाहीतर तो पाला मी फुकटच प्यालो म्हणायचं."

योर्दाकेंनी एक सुस्कारा सोडला आणि ब्रेबेनेलांच्या पाठीकडे वळून क्रेनवर काम करून जाडजूड झालेल्या बोटांनी झग्याच्या नाड्या एकेक करून बांधल्या.

दार उघडलं. आतून नव्या नर्सनं कागद बघत हाक मारली.

"योर्दाके."

दोघेही उठले.